रापी आणि सात मार्क

भाची नागपूरहून आली की आमच्या नालवाडीच्या ओसरीवर चहाबरोबर वादही मांडला जातो. लहानपणी ती माझी रंगपेटी उपसायची. आता ती इंजिनिअर आहे आणि कापसाची प्रत यंत्राकडून ठरवून घेणाऱ्या एका कंपनीत काम करते. मी शाळेत चित्रकला शिकवत निवृत्त झालो. या खेपेला वादाचं कारण तिचा मुलगा होता. पोरगा नववीत आहे. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला त्याला अ श्रेणी मिळाली, यंदा इंटरमिजिएटला बसायचं म्हणतोय आणि आईला ते नको आहे.

"मामा, मला एवढंच सांगा," ती म्हणाली. "अ श्रेणी आली तर दहावीला सात मार्क वाढतात. ब आली तर पाच, क आली तर तीन. त्यासाठी रविवारची सकाळ जाणार, शिवाय रोजचा तासभर. तेवढ्या वेळात गणिताचा एक धडा हातावेगळा होतो."

"सात मार्कांसाठीच बसवायचं असेल तर नको बसवू," मी म्हणालो. जरा तापूनच म्हणालो. शेवटच्या दोन वर्षांत दहावीच्या वर्गांचे माझे तास गणिताला आणि विज्ञानाला दिले जात होते. 'सर, तुमचं काय, चित्रच तर आहे' असं हसत सांगितलं जायचं. ते अजून मनातून गेलेलं नाही.

तिनं फोन काढला आणि मराठीतच लिहिलं: धाम नदीवरचा पूल, पावसाळी संध्याकाळ, जलरंग. पाणी प्यायला तांब्या उचलावा, तेवढ्यात चित्र हजर. ओल्या कागदावर निळा सोडल्यासारखं आभाळ होतं, पुलाखालचं पाणी गढूळ आणि त्यात पुलाची सावली थरथरती. ओल्यावर ओला रंग टाकायला मी मुलांना वर्षभर शिकवायचो, तरी दहातल्या सातांचा चिखल व्हायचा.

"वाईट आहे का?" तिनं विचारलं.

"नाही. चांगलं आहे."

"आणि यंत्राला मन नसतं, भावना नसतात, हे सांगू नका. ते मी खूप भाषणांत ऐकलंय."

"नाही सांगत. बघणाऱ्याला चित्र आवडलं तर ते आवडलंच. त्यात मी काय खोडून काढणार?"

माझ्याकडून एवढी कबुली तिला अपेक्षित नसावी. ती सरसावून बसली.

"मग ऐका. कलेचं नुकसान तंत्रज्ञानानं केलं असं तुम्ही लोक म्हणता. आपल्यासारख्यांच्या घरात चित्र आणलं कुणी? तंत्रज्ञानानंच ना? राजा रविवर्म्यानं 1894 साली मुंबईत छापखाना काढला, जर्मनीहून यंत्रं मागवली आणि राजवाड्यातली लक्ष्मी-सरस्वती कागदावर छापून बाजारात आणली. ज्यांना देवळाची पायरी शिवू देत नव्हते, त्यांच्या कुडाच्या भिंतीवर तो कागद लागला. आपल्या वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर जमनालालजींनी सगळ्यांना उघडं केलं ते 1928 साली. छापलेला कागद त्याच्या चौतीस वर्षं आधी निघालेला होता. दादासाहेब फाळके त्याच छापखान्यासाठी काम करून पुढे सिनेमाकडे गेले. आणि ही समोरची बाबासाहेबांची तसबीर? कुणा चित्रकारानं आपल्याकडे येऊन काढून दिली का? छापलेलीच आहे ना?"

छापलेलीच आहे. तिची कड उन्हानं पिवळी पडली आहे, पण माझ्या वडिलांनी ती चौकटीत बसवली तेव्हापासून हललेली नाही. भाचीचं म्हणणं मला खोडायचंही नव्हतं. उलट हे सगळं मीच कधीतरी वर्गात सांगायला हवं होतं असं वाटून गेलं.

"तुझं सगळं कबूल," मी म्हणालो. "पण तू चित्र कुणापर्यंत पोचलं ते सांगते आहेस. चित्र काढताना काढणाऱ्याचं काय होतं ते मी सांगतो. पहिल्या तासाला मी टेबलावर पितळी तांब्या ठेवायचो. वर्गातली बहुतेक मुलं त्याचं तोंड पूर्ण गोल काढायची, कारण तोंड गोल असतं हे त्यांना ठाऊक असायचं. जागेवर बसून दिसतो तो चपटा लंबगोल, पण हात काही तो काढायला तयार नसायचा. ठाऊक असलेलं बाजूला ठेवून समोर दिसतंय ते मान्य करायला मुलाला महिना महिना लागतो. एकदा जमलं की मग तो रस्त्यानं जातानाही बैलगाडीच्या चाकाकडे वेगळं बघतो. तुमच्यात याला काय म्हणतात?"

"निरीक्षण," ती म्हणाली. "पण ते प्रयोगशाळेतही शिकवतात."

"शिकवतात. तरी एक गोष्ट सांगतो. 1609 साली इंग्लंडात थॉमस हॅरियट नावाच्या गणित्यानं दुर्बिणीतून चंद्र बघून त्याचं चित्र काढलं, गॅलिलिओच्या काही महिने आधी. त्यात उजेड आणि अंधार यांच्यामधली एक वेडीवाकडी रेघ आहे आणि काही डाग आहेत. गॅलिलिओनं बघितलं तर त्याला डोंगर दिसले, खड्डे दिसले, डोंगरांच्या पडछाया दिसल्या. तो चित्रकलेत मुरलेला होता. उंचवट्यावर उजेड कसा पडतो आणि खोलगटात काळोख कुठे साचतो, हे त्याच्या हाताला माहीत होतं. 1610 साली त्याचं पुस्तक निघालं आणि ते पाहिल्यावर हॅरियटच्या चित्रांतही खड्डे दिसायला लागले."

ती थोडा वेळ फोनमध्ये डोकं घालून बसली. मग म्हणाली, "हॅरियटची दुर्बीण सहा पट मोठं दाखवत होती. गॅलिलिओची वीस पट. हे तुम्ही सांगितलं नाहीत."

ते मी खरोखरच सोडलं होतं. वर्गात ही गोष्ट इतक्यांदा सांगितली की तिच्यातला मला नको असलेला भाग हळूहळू गळून गेला असावा. "काच मोठी होती हे खरं," मी म्हणालो. "पण नुसत्या काचेनं काम भागलं असतं तर पुस्तक बघून हॅरियटला जुन्याच दुर्बिणीतून जास्त दिसलं नसतं."

"त्याची दुर्बीण मधल्या काळात बदलली नसेल कशावरून?"

तिच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी गप्प बसलो.

आतून ताईचा आवाज आला, "चा घ्या आंधी. भांडन मंग करा, ते कुठी पयून नाही जात."

चहा घेताना भाची स्वतःहूनच बोलायला लागली. तिच्या कामाबद्दल ती घरी फारसं बोलत नाही.

"तुम्ही हात-हात म्हणता ना मामा, कापसाच्या बाजारात हातच चालायचा. ग्रेडर पुंजका घ्यायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचा, परत एकावर एक ठेवून ओढायचा. तंतू सरळ झाले की बघून लांबी सांगायचा. तो सांगेल ती लांबी, त्यावर भाव. शेतकऱ्यानं तोंडाकडे बघत उभं राहायचं. आता एचव्हीआय यंत्रात नमुना टाकला की लांबी, ताकद, मायक्रोनेअर, रंग, कचरा, सगळं आकड्यांत येतं. आकडा कुणाची जात बघत नाही, कुणाची ओळख बघत नाही. हाताचं कौतुक करताना हातानं किती जणांचा भाव पाडला तेही बघा."

"बरोबर आहे."

"पण..." ती थांबली. "आम्हाला साध्या कॅमेऱ्यावर चालणारं काहीतरी करायचं होतं, जिनिंगच्या दारातच उपयोगी पडेल असं. कॅमेऱ्याला शिकवायला हजारो फोटो लागतात आणि प्रत्येकावर खूण लागते, हा असा, तो तसा. ती खूण कोण करणार? शेवटी एक म्हातारा ग्रेडर बसवला. पहिल्याच दिवशी त्यानं निम्मे फोटो परत केले. म्हणाला, हे दिव्याखाली काढलेत, यात पिवळेपणा कळत नाही. कापूस उत्तरेच्या उजेडात बघायचा असतो."

मी कप खाली ठेवला. "उत्तरेच्या उजेडात?"

"हो. जुन्या ग्रेडिंगच्या खोल्यांना उत्तरेकडून उजेड घेतलेला असायचा. ऊन थेट आत येत नाही, दिवसभर उजेड सारखा राहतो."

"अगं, चित्रकाराच्या खोलीची खिडकीही त्याच कारणासाठी उत्तरेला ठेवतात!"

आम्ही दोघंही क्षणभर हसलो. पण ती लगेच म्हणाली, "आता यावरून कला आणि विज्ञान एकच, असं काही बोलू नका. तो ग्रेडर जाईल, मॉडेल राहील. पुढच्या मुलाला चिमटीत तंतू ओढायला कुणी शिकवणार नाही. आणि त्याचं मला वाईट वाटतं की नाही, हे मलाच नक्की सांगता येत नाही."

तिच्याशी वाद घालताना मला बरं वाटतं ते यासाठीच. जिंकायच्या घाईत ती स्वतःशी खोटं बोलत नाही.

खरा वाद सुरू झाला तो ताईनं फडताळातून आबाजींची चामडं कापायची रापी काढली तेव्हा. आबाजी म्हणजे माझे आजोबा, भाचीचे पणजोबा. पोराला शाळेच्या प्रकल्पासाठी जुनं अवजार हवं होतं. रापीचं पातं झिजून अर्धं झालेलं आहे, मूठ मात्र गुळगुळीत, अंगठ्याच्या जागी खोलगट. आबाजींनी जन्मभर चामड्याचं काम केलं. उतारवयात ते चपला शिवत आणि गिऱ्हाइकानं मागितली नसतानाही पट्ट्यावर तीन टाक्यांची छोटी वेल काढत. मी चित्रं काढायला लागलो ते त्या वेलीकडे बघून, असं मी नेहमी सांगतो. त्या दिवशीही सांगितलं.

"वेल सांगता," भाची म्हणाली, "आणि हौद?"

तिचा आवाज बदलला होता.

"मेलेलं ढोर ओढून आणायचं, सोलायचं. कातडं पाण्यात भिजवायचं, मग चुन्याच्या हौदात, केस सुटेपर्यंत. मग उघड्या हातानं ते केस आणि मांस खरवडायचं. मग कोंड्याच्या पाण्यात टाकून चुना काढायचा. मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या काढ्यात आठवडेच्या आठवडे मुरवायचं. सालीतलं टॅनिन कातड्यातल्या कोलॅजेनला धरून बसतं, म्हणून ते सडत नाही. हे मी कॉलेजात शिकले तेव्हा मला आबाजींचे हात आठवले. आईनं सांगितलेले, मी कुठे बघितलेत? बोटांच्या पेरांवर चुन्यानं पडलेल्या भेगा. ती भेग तुमच्या चित्रात कधी आली का मामा?"

ती भेग माझ्या चित्रात कधीच आली नव्हती. मी वेल काढली होती, रापी काढली होती, आबाजींचा पाठमोरा फेटा काढला होता.

नालवाडीत राहणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही, कारण गावानं तो सोसलेला आहे. धुळ्याच्या तुरुंगातून सुटल्यावर 1932 च्या अखेरीस विनोबा इथे, अस्पृश्यांच्या या वस्तीत राहायला आले. नुकतीच गीताई लिहून झालेला तो माणूस इथे तासन्‌तास सूत काढत बसायचा आणि निव्वळ सूतकताईच्या मजुरीवर पोट भरतं का, हे स्वतःवर तपासून बघायचा. पुढे वजन 88 पौंडांवर आलं आणि 1938 साली प्रकृतीसाठी त्यांना पवनारला जावं लागलं. दरम्यान 1935 च्या सुमारास इथे चर्मालय निघालं. गोपाळराव वाळुंजकरांनी ते चालवलं. मेलेल्या जनावराचं कातडं कमावणं हे घाणेरडं काम नाही, ते स्वच्छ, शास्त्रीय आणि मानाचं करता येतं, कुणीही करावं, ही त्यामागची जिद्द होती. गांधीजींचं त्यावर लक्ष होतं.

आणि त्याच 1935 सालच्या 13 ऑक्टोबरला येवल्यात बाबासाहेबांनी धर्म सोडण्याची घोषणा केली. त्याआधी 1927 साली महाडलाच त्यांनी सांगून टाकलं होतं की मेलेली ढोरं ओढणं सोडा. एकीकडे म्हणत होते, काम सुंदर करा. दुसरीकडे म्हणत होते, ज्या कामानं तुम्हाला बांधून ठेवलंय त्यातून आधी उठा. या दोन हाकांच्या मधोमध आमची वस्ती होती. आमच्या घरानं दुसरी हाक ऐकली. म्हणून मी शाळेत गेलो आणि भाची इंजिनिअर झाली. पहिल्या हाकेबद्दल माझ्या मनात कडवटपणा नाही. ब्राह्मणाघरच्या माणसानं कातड्याच्या हौदात हात घालावा ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. पण काम सुंदर करायला सांगणाऱ्यानं ते काम सोडून जायची मोकळीकही द्यावी लागते, असं मला आता वाटतं, आणि हे मला भाचीनं शिकवलं.

तीच पुढे म्हणाली, "बाबासाहेबांनी 1945 च्या पुस्तकात हेच मांडलंय. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांचं काय केलं, ते पुस्तक. माणूस आणि जनावर यांच्यात फरक आहे तो संस्कृतीचा. संस्कृतीला फुरसत लागते. दिवसभर राबून पाठ मोडलेल्याला फुरसत कुठून मिळणार? ती यंत्र देतं. म्हणून यंत्राला नावं ठेवू नका, ते कुणाच्या मालकीचं आहे ते बघा. हा युक्तिवाद आहे मामा. कलेच्या बाजूनं इतका जोरदार युक्तिवाद मी कुठल्याच चित्रकाराकडून ऐकला नाही, आणि तो यंत्राच्या बाजूनं केलेला आहे."

मी ते पुस्तक वाचलेलं आहे. तो भाग वाचलेला आहे. पण आयुष्यभर चित्रकला शिकवून मी तो चित्रकलेसाठी वापरला नाही.

"पण फुरसतीची वाट न बघता गाणारेही होते," मी म्हणालो. "वामनदादा कर्डक बघ. मोठेपणी अक्षरं शिकलेला, मजुरी केलेला माणूस. त्यानं फुरसत मिळेपर्यंत थांबायचं ठरवलं असतं तर भीमगीतं कुणी लिहिली असती? चौदा एप्रिलला आपली पोरं रात्र रात्र ती गातात."

"लाऊडस्पीकरवर. आणि आधी कॅसेटवर."

"हो, कॅसेटवर. ते मी नाकारतच नाही. मी एवढंच म्हणतो की, यंत्रानं फुरसत दिली की कला आपोआप उगवते असं नाही. आबाजींना दिवसाकाठी उरायची ती पाव घटका, आणि तिच्यात ती वेल यायची. तुझ्या मुलाला किती फुरसत आहे? हौद नाही, ओझं नाही. शाळा, क्लास, आणि उरलेला वेळ फोन. बाबासाहेबांनी मागितलेली फुरसत आली, आणि आपण तिचे पुन्हा तुकडे करून विकायला काढले. अर्धी फुरसत क्लासला, अर्धी स्क्रीनला. त्यातली एक सकाळ पोरगा स्वतः मागतोय, आणि तू विचारतेस की त्याचे मार्क किती?"

ती बोलली नाही. रापी हातात फिरवत राहिली. मग म्हणाली, "मी मार्क विचारते, कारण मला कुणी उचलून दिलेलं काही नव्हतं. मार्कांनीच दिलं. ज्यांच्या घरात तीन पिढ्या पेटी-तबला आहे त्यांनी मार्कांना हसावं. आपण नाही."

हे ऐकून मला गहिवरून आलं, आणि रागही आला, स्वतःचाच. 'मार्कांसाठी नको बसवू' म्हणताना मी कुणाच्या थाटात बोललो होतो?

दुसऱ्या दिवशी रविवार होता. पोराला घेऊन आम्ही पवनारला निघालो. वाटेत सेवाग्रामचा विषय निघाला, कारण भाचीनं विचारलं की गांधींच्या शाळेत तरी चित्र होतं का, की नुसता चरखा? 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगातून शिक्षण, ही नई तालीमची कल्पना पुढे आली. सूत मोजता येतं, लटी मोजता येतात, म्हणून अशा शाळेत मोजमापच वरचढ होण्याचा धोका होताच. पण ती शाळा ज्यांनी उभी केली ते आशादेवी आणि आर्यनायकम शांतिनिकेतनातून आलेले होते, आणि 1944 साली तिथलाच देवीप्रसाद नावाचा तरुण चित्रकार-कुंभार सेवाग्रामात कला शिकवायला आला. पुढची अठरा वर्षं तो राहिला. मुलं कताई करत, शेतात राबत, आणि चित्रंही काढत. कला हा शिक्षणाचा दागिना नसून पाया आहे, असं तो आयुष्यभर मांडत राहिला. "आणि बापूंच्या कुटीत जाऊन भिंत बघ," मी म्हणालो. "स्थानिक माती, बांबू, कौलं, काटकसरीची हद्द. त्याच मातीच्या भिंतीवर मीराबेननी ताडाची झाडं आणि चरखा उठावात काढलाय. त्यानं भिंत जास्त मजबूत झाली नाही."

"मग कशाला काढलं?" मागून पोरानं विचारलं.

भाचीनं माझ्याकडे बघितलं. मी उत्तर दिलं नाही. वर्गात असतो तर दिलं असतं.

पवनारच्या आश्रमात धामेच्या काठावर जुन्या मूर्ती आहेत. विनोबा इथे राहायला आल्यावर जमीन खणताना त्या एकेक करून निघाल्या. साधारण पंधराशे वर्षांपूर्वीच्या, वाकाटकांच्या काळातल्या. त्यातल्या एका शिळेत विनोबांना राम-भरताची भेट दिसली. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलताना त्यांनी त्याच भेटीचं चित्र कुणीतरी काढावं असं म्हटलं होतं, आणि ती शिळा त्यांच्या कुदळीखाली आली. अभ्यासकांमध्ये या शिल्पांच्या अर्थाबद्दल मतभेद आहेत. कुणी त्यात रामकथा बघतात, कुणी दुसरंच काही. त्या शिळेपाशी पोरगा बराच वेळ उभा होता. दोघांतला कोणता राम, हे त्याला ओळखता येत नव्हतं. मलाही नीट येत नाही.

"वाकाटकांचा राजा दुसरा प्रवरसेन," मी पुलाकडे येता येता सांगितलं. "त्याची राजधानी प्रवरपूर म्हणजे हेच पवनार, असं वा. वि. मिराशींनी मांडलं. त्याच्या नावावर एक महाकाव्य आहे, सेतुबंध. ते संस्कृतात नाही, माहाराष्ट्री प्राकृतात आहे. म्हणजे आपल्या मराठीच्या आजी-पणजीच्या भाषेत. आणि त्या काव्याचा मोठा भाग एका पुलाभोवती फिरतो."

"इंजिनिअरिंगवर महाकाव्य?" भाची थांबली.

"वानर सुरुवातीला नुसत्या उत्साहानं डोंगर उपटून समुद्रात टाकतात. डोंगर बुडतात, समुद्र काही भरत नाही. मग नलाला सांगतात, आणि तो पूल बांधतो."

"म्हणजे त्या कवीला माहीत होतं," ती म्हणाली, "नुसता जोर लावून पूल होत नाही म्हणून."

"माहीत होतं."

"मग हे मला शाळेत कुणी का सांगितलं नाही? स्ट्रक्चर्सच्या पहिल्या तासाला सांगायला हवं होतं. मराठीत कुठे मिळेल?"

घरी शोधतो म्हणालो. ती पुलाच्या कठड्याला टेकून खाली बघत राहिली. पाणी कमी होतं, खडक उघडे पडले होते. पोरगा वहीत काहीतरी ओढत होता. मी डोकावलो नाही, चाळीस वर्षांची सवय मोडून.

परतताना नालवाडीच्या अलीकडे, गोपुरीपाशी, भाचीनं गाडी कडेला घेतली. तिथल्या गीताई मंदिराला छप्पर नाही, मूर्तीही नाही. गीताईचे श्लोक कोरलेल्या शिळा उभ्या आहेत, आणि वरून बघितलं तर त्यांची मांडणी चरखा आणि गाय यांच्या आकाराची आहे. पोराला ते वरून बघायचं होतं म्हणून आईनं त्याला फोनवर उपग्रहाचं चित्र काढून दिलं. दोन बोटांनी मोठं करत तो चरख्याचं चाक शोधत होता. सापडल्यावर त्यानं आधी फोन आम्हा दोघांच्या तोंडासमोर धरला, आणि मग आतल्या एका शिळेवरच्या अक्षरांवरून बोट फिरवायला पळाला.

"परीक्षेला बसू दे त्याला," भाची म्हणाली. "रविवारची सकाळ तुमच्याकडे. क्लासची वेळ मी बदलून घेते."

मला काय बोलावं ते सुचेना.

"पण मामा, हे मार्कांसाठी नाही असं त्याला सांगू नका. आबाजींची भेग कशी काढायची ते शिकवा. ती नीट आली पाहिजे. आणि सातही हवेत."